मानसोपचार आणि रोजचा दिवस



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे पाठविले तेव्हा विषय आम्हीच निवडावा, असे त्यांनी मोठ्या मनाने कळविले होते. आम्ही विषय कळविला, आणि दोनच दिवसांनी त्यांच्यापैकी एक सद्गृहस्थ घरी आले. विषय थोडा जड नाही का, असे त्यांनी भीतभीतच विचारले. दिवसभराच्या उकाड्यानंतर लोक घटकाभर वाऱ्याला येऊन बसतात, त्यांच्यापुढे मनाचे आजार कशाला काढायचे, असा त्यांचा भाव होता. शंका रास्त होती. पण न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगाव अशा व्यासपीठांवरून राजकारण झाले, अर्थकारण झाले, आकाशातले ग्रहतारेही झाले. घरातला एक माणूस सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही, हा विषय मात्र आपण अजून दार लावूनच बोलतो. तो एकदा उघड्या हवेत बोलावा, एवढाच आमचा हेतू आहे.

आमच्या अधिकाराबद्दल आरंभीच सांगून टाकतो. आम्ही डॉक्टर नाही. एकतीस वर्षे या गावातल्या मुलांना गणित शिकविले; समोरच्या खुर्च्यांवर आमचे कितीतरी विद्यार्थी बसलेले दिसत आहेत. तेव्हा आज जे सांगणार ते एका वाचकाने वाचलेले आणि, पुढे कळेल त्याप्रमाणे, थोडेसे सोसलेले आहे.

मानसोपचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन चित्रे येतात. पहिले चित्र ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरी येथल्या मनोरुग्णालयाच्या उंच भिंतींचे. गावात कोणाची थट्टा करायची झाली की या चारांपैकी जवळच्या गावाचे नाव घ्यायचे, ही आपली जुनी खोड आहे. दुसरे चित्र सिनेमातले. कोचावर पडलेला रुग्ण, उशाशी दाढीवाला डॉक्टर, आणि बालपणीच्या आठवणींचे वर्षानुवर्षे चाललेले उत्खनन. या चित्राचे मूळ व्हिएन्नाच्या डॉक्टर फ्रॉइडपाशी आहे. त्यांचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. परंतु आज ज्या उपचाराविषयी बोलायचे तो या दोन्ही चित्रांत बसत नाही. त्याला भिंत लागत नाही, कोच लागत नाही, पुष्कळदा वर्षेही लागत नाहीत. तो विचारतो एवढेच, की उद्याचा दिवस तुम्ही कसा काढणार?

हा प्रश्न एका दिवसात सुचलेला नाही. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास फ्रॉइडची वाट सोडली आणि माणूस आज स्वतःशी काय बोलतो, कोणते हट्ट धरतो, यावर बोट ठेवले. त्यांचा हा विचार कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणला आणि विवेकनिष्ठ मानसोपचार हे नाव आपल्याकडे रूढ झाले. एलिस यांच्या पाठोपाठ फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांचे विचार तपासून ते दुरुस्त करण्याची पद्धत बसविली. त्या पद्धतीचे दोन भाग होते. एक, रुग्णाला पुन्हा कामाला लावणे; दुसरा, त्याचे चुकीचे विचार शोधून ते बदलणे. आता यांपैकी गुण कशाचा, असा प्रश्न सिएटल येथल्या नील जेकबसन या संशोधकाला पडला. आमच्यासारख्या गणिताच्या माणसाला हा प्रश्न फार आवडतो. दोन राशींच्या बेरजेने उत्तर आले, तर एक राशी वगळून पाहावी! त्यांनी तसेच केले. सुमारे दीडशे रुग्णांचे गट पाडले. एका गटाला सर्व उपचार दिला, एकाला फक्त पहिला भाग, म्हणजे कामाला लावण्याचा. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नुसता पहिला भाग मिळालेले लोक संपूर्ण उपचार मिळालेल्यांच्या मागे पडले नव्हते.

यामागची विचारसरणी साधी आहे. १९७० नंतरच्या दशकात पीटर लुइन्सन यांनी ती मांडली होती. मन खचले की माणूस आवरते घेतो. आधी भजनाला जाणे सोडतो, मग मित्रांकडे जाणे, मग कामे. जे जे सोडले त्यातून जो थोडा आनंद, जो थोडा मान, जे दोन शब्द मिळत होते, ते मिळेनासे होतात. उलट न केलेल्या कामांचा ढीग वाढतो. त्या ढिगाकडे पाहून मन आणखी खचते, आणि माणूस आणखी आवरते घेतो. रहाटगाडग्यासारखे हे चक्र फिरत राहते. चक्र कोठून तरी तोडले पाहिजे. मनाला हुकूम देता येत नाही. 'आनंदी हो' म्हटल्याने कोणी आनंदी होत नाही. पण हाताला आणि पायाला थोडा हुकूम देता येतो. म्हणून हा उपचार पायापासून सुरू होतो. वाटेल तेव्हा करीन, असे रुग्ण म्हणतो. आधी करा, वाटायचे ते मागून वाटेल, असे उपचार म्हणतो. आमच्या आजच्या भाषणाचे सार विचाराल तर हे एवढेच आहे.

येथे कोणी म्हणेल, यात नवे काय? आमची आजी हेच सांगत होती, 'कामात जीव रमव.' खरे आहे. आजीला शहाणपण होतेच. पण आजीचे सांगणे आणि हा उपचार यांत अंतर आहे, आणि ते अंतर आम्हांला पुस्तकातून नव्हे तर अनुभवातून कळले. ती हकीकत सांगावी की नाही, याचा आम्ही चार दिवस विचार केला. सांगतो.

२०१८ सालच्या श्रावणात आमच्या घरातून माणूस गेले. चाळीस वर्षांचा संसार होता. दिवसकार्य झाले, मुलगी नाशकाला परत गेली, आणि आम्ही सर्व नीट सांभाळतो आहोत असे लोक म्हणू लागले. काही दिवस आम्हीही तसेच समजत होतो. मग एके दिवशी वाचनालयात गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. पुढे दाढी राहिली. विजेच्या बिलाचे पाकीट आले, ते फोडले नाही. मुलीचा फोन येई, 'बाबा, जेवलात का?' आम्ही 'हो' म्हणत असू. जन्मभर मुलांना खोटे बोलू नका म्हणून शिकविले आणि रोज रात्री साडेआठला एक खोटे बोलत होतो. निवृत्तिवेतनधारकांना ठाऊक आहे, नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँक घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर. महिनाभर रोज सकाळी ठरविले आणि महिनाभर गेलो नाही. पुढे पेन्शन थांबली. यात चूक आमचीच होती, दुसऱ्या कोणाची नाही. सरकारी कागदावर आम्ही हयात नव्हतो, आणि खरे सांगतो, त्या कागदाचे काही चुकते आहे असेही आम्हांला वाटले नाही.

मुलगी आली. घर पाहिले, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून तिने आम्हांला सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले, कारण थायरॉइडसारख्या दुखण्यानेही माणूस असा मंद होतो. गोळ्या दिल्या आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईंकडे पाठविले. बाई कसल्या, आमच्या शेवटच्या वर्गातल्या मुलींच्या वयाची मुलगी. आम्ही मनात म्हटले, ही आम्हांला काय आयुष्य शिकविणार! तिने आयुष्याबद्दल अवाक्षर काढले नाही. वहीचे एक पान पुढे केले. त्यावर आठवड्याचे सात रकाने आणि तासांच्या ओळी. प्रत्येक तासाला काय केले ते लिहायचे, आणि त्या वेळी मन किती हलके होते त्याला दहापैकी गुण द्यायचे. शाळेचे वेळापत्रक आम्ही वीस वर्षे केले होते. आता आमचेच वेळापत्रक आमच्या पुढ्यात आले.

आठवड्याने पान परत दिले. बहुतेक चौकोनांत 'पडून होतो' आणि शून्य किंवा एक. ती चिडली नाही की तिने कीवही केली नाही. पेन्सिलीने दोन चौकोनांभोवती गोल काढले. एका ठिकाणी तीन गुण होते. त्या तासाला तुळशीला पाणी घातले होते. दुसऱ्या ठिकाणी चार. शेजारचा मुलगा भूमितीचे उदाहरण विचारायला आला होता. 'काका, हे तुमचंच उत्तर आहे,' ती म्हणाली. 'पुढच्या आठवड्यात हे दोन तास चार करू या. आणि मंगळवारी सकाळी सातला दाढी.' आम्ही विचारले, 'आणि करावीशी वाटली नाही तर?' ती म्हणाली, 'वाटायची वाट बघू नका. वाटलं नाही तरी करा, आणि वाटलं नव्हतं असं कागदावर लिहा.'

हयातीच्या दाखल्याचे तिने तुकडे केले. सोमवारी फक्त पासबुक शोधायचे. मंगळवारी फक्त बँकेच्या दारापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे, आत जायचे नाही. बुधवारी आत. मंगळवारी दारापर्यंत जाऊन परत येताना आम्हांला स्वतःचे हसू आले. चार महिन्यांत प्रथमच आले, म्हणून ते लिहून ठेवले. बुधवारी आत गेलो.

सातआठ भेटी झाल्या. दुःख गेले का? नाही. ते जाण्यासाठी हा उपचार नव्हता आणि ते जावे अशी आमची इच्छाही नव्हती. पण दूध तापू लागले, बिल भरले, दाढी झाली, वाचनालयातली आमची खुर्ची पुन्हा आमची झाली, आणि मुलीच्या फोनला खरे उत्तर देता येऊ लागले. एवढाच फरक. आमच्या मते हा फरक लहान नाही.

आता आजीच्या सल्ल्यातले आणि या उपचारातले अंतर सांगता येईल. आजी म्हणते 'कामात जीव रमव', आणि कोणत्या कामात ते सांगत नाही. येथे आधी मोजतात, मग सांगतात. आजीचे काम डोंगराएवढे असते. येथे त्याचे इतके लहान तुकडे करतात की आजारी माणसालाही उचलावेत. सल्ला न पाळल्यास आजी रागावते, आणि खचलेल्या माणसावर आणखी एक ओझे चढते. येथे न पाळल्यास 'तुकडा मोठा झाला होता' असे समजून तो आणखी लहान करतात. शिवाय नुसते गुंतून राहणे म्हणजे उपचार नव्हे. दिवसभर दुकानात बसून घरी येण्याचे टाळणारा, किंवा रात्रभर मोबाइल चाळीत बसणारा माणूसही गुंतलेला असतोच. जे टाळले जात आहे त्याच्याकडे एकेक पाऊल टाकणे, हे या पद्धतीचे मर्म आहे.

पण एका निवृत्त मास्तरला गुण आला म्हणून सर्वांना येईल, हे गणितात बसत नाही. म्हणून मोठा पुरावा सांगतो, आणि तो अमेरिकेतला नसून आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे. गोव्यात १९९६ सालापासून 'संगत' नावाची संस्था काम करते. डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांची पाहणी केली. हे रुग्ण किरकोळ उदासीचे नव्हते. बऱ्याच तीव्र नैराश्याचे होते. सर्वांना नेहमीचे उपचार मिळाले. निम्म्यांना त्याखेरीज सहा ते आठ आठवडे समुपदेशकाच्या भेटी मिळाल्या, आम्हांला मिळाल्या तशाच. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. शिकवून तयार केलेली, साधी माणसे होती. २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आला. तीन महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारांनी शंभरात ३९ लोक नैराश्यातून बाहेर आले होते. भेटी मिळालेल्यांपैकी शंभरात ६४. वर्षभरानंतर पुन्हा पाहिले तेव्हाही हा लाभ टिकून होता.

आम्हांला या आकड्यांहून त्यांच्या खालचे आकडे अधिक बोलके वाटले. भेटी मिळालेल्या गटात कामावाचून फुकट गेलेले दिवस कमी झाले. रोजच्या व्यवहारातली अडचण कमी झाली. आणि स्त्रियांच्या बाबतीत, नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी नोंदली गेली. पुरुषाचे नैराश्य निदान दुकान बंद राहिले म्हणून लोकांना दिसते. घरातल्या बाईचे दिसत नाही. चूल पेटते, डबे जातात, आणि तिच्या हातून काही राहिले की त्याला आपण आळस म्हणतो. दिवसाचे मोजमाप करणारा उपचार तिच्या दिवसाचेही मोजमाप करतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

असाच प्रयोग झिम्बाब्वे देशात झाला आहे. हरारे शहरात डॉक्टर डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाके मांडली आणि त्यांवर समुपदेशक म्हणून वस्तीतल्या आजीबाईंना बसविले. त्यांच्या शोना भाषेत या दुखण्याला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'फार विचार करणे' असा होतो. आपल्याकडेही बायका डॉक्टरांना हेच सांगतात, 'विचार फार येतात हो.' आजीबाई रुग्णाला अडचणींची यादी करायला लावतात, तीतली एक निवडायला सांगतात, आणि तिच्यावरचा पुढचा एकच उपाय ठरवून घेतात. २४ दवाखान्यांत, ५७३ रुग्णांवर या पद्धतीची रीतसर परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि तो आजीबाईंच्या बाजूने लागला. तेव्हा शेवटी आजीच जिंकली. पण शिकवून तयार केलेली आजी!

एक आक्षेप मात्र असा आहे की तो ऐकून आम्ही पुष्कळ वेळ गप्प बसलो होतो. आमचा एक जुना विद्यार्थी, कोरडवाहू शेतकरी, म्हणाला, 'सर, तुमचं दुःख मनातलं होतं. माझं सातबाऱ्यावर आहे. बोलून कर्ज फिटतं का?' फिटत नाही. फिटते असे कोणी सांगेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. भाव मिळणे, पाणी मिळणे, कर्जाची सोय होणे, हे ज्यांनी करायचे त्यांनी केलेच पाहिजे. समुपदेशकाची खुर्ची मांडून कोणाला त्यातून सुटता येणार नाही. पण त्याच शेतकऱ्याला तहसील कचेरीत जाऊन उभे राहायचे असते, बँकेत हप्त्याविषयी बोलायचे असते, आणि खचलेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही. खऱ्या अडचणीशी झगडायला जे बळ लागते, तेच हा आजार आधी काढून घेतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम याच जाणिवेने झाला. गावातले कार्यकर्ते घरोघर गेले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणारे पूर्वी शंभरात चारच्या आसपास होते, ते सत्तावीसपर्यंत गेले. अजूनही त्र्याहत्तर राहिले, हे आम्ही विसरत नाही. पण चारांचे सत्तावीस होऊ शकतात, हेही विसरू नये.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक दुखण्याला हा उपाय नव्हे. ज्याला भास होतात, ज्याची झोप आणि भूक पार गेली आहे, ज्याच्या तोंडी मरणाची भाषा आहे, त्याला कागदाचे रकाने देऊन भागणार नाही; त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे, आणि एकटे ठेवता कामा नये. चालू असलेल्या गोळ्या आमचे भाषण ऐकून कोणी बंद करू नयेत. आम्हीही घेतल्या आणि डॉक्टरांनी सांगितले तेव्हाच थांबविल्या. २०२२ च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनीसेवा सुरू आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत. घरी जाऊन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावा.

मग अडते कोठे? २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की देशातल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे दहांना या ना त्या मानसिक आजाराने घेरले आहे, आणि नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंचाऐंशींना उपचार मिळत नाही. माणसे कमी आहेत, केंद्रे कमी आहेत, हे खरेच. पण एक अडसर आपल्या घरात आहे, आणि त्याची साक्ष आम्ही स्वतःच देऊ शकतो.

त्या रुग्णालयात आम्ही सातआठ वेळा गेलो. प्रत्येक वेळी एस. टी. स्टँडवर कोणी ना कोणी ओळखीचे भेटले. 'सर, इकडे कुठे?' प्रत्येक वेळी आम्ही म्हटले, 'रक्तदाब दाखवायला.' आम्हांला रक्तदाब नाही. आज समोर बसलेल्यांपैकी दोघांना तरी आम्ही हे सांगितले होते. त्यांना कदाचित आठवतही असेल. त्या मुलीने एवढे सर्व करून घेतले, पण हे एक काम आमच्या हातून झाले नव्हते. त्याचेही लहान तुकडे करावे लागले. आधी मुलीजवळ बोललो, मग वाचनालयातल्या दोघा मित्रांजवळ. शेवटचा तुकडा आज या व्यासपीठावर पुरा होत आहे. आम्ही रक्तदाबासाठी जात नव्हतो.

आपल्या गल्लीत, आपल्या घरात असा कोणी असेल. दोन आठवड्यांहून अधिक काळ त्याचे दार लागलेले असेल. त्याला 'मन घट्ट कर' म्हणू नये. मन घट्ट असते तर दार उघडे असते. 'उद्या सकाळी कोपऱ्यापर्यंत चालायला येता का?' असे विचारावे. नाही म्हटले तर परवा विचारावे. आणि डॉक्टरांकडे जायचे ठरले तर त्याच्याबरोबर बसमध्ये बसावे, म्हणजे स्टँडवर त्याला खोटे सांगावे लागणार नाही.

आमचे वाचनालय सकाळी सातला उघडते. आम्ही तेथे असतो. कोणाला काही विचारायचे असेल तर खुशाल यावे. वर्तमानपत्र बाजूला ठेवू.